एक्सरेची गाडी बोलवायच्या आधी एक कागद काढा

ताई, नमस्कार. मी एका सिरॅमिक कारखान्यात एचआर बघते. साडेतीनशे माणसं आहेत, त्यातली जवळपास निम्मी ठेकेदाराची. गेल्या महिन्यात मोल्डिंगमधल्या एका जुन्या कामगाराला टीबी निघाला. तो रजेवर आहे, औषधं चालू झालीत. पण इकडे वातावरण असं झालंय की त्याच्या लॉकरला कोणी हात लावत नाही, त्याचा पाण्याचा ग्लास कोणीतरी फेकून दिला, आणि त्याच्या शेजारी काम करणारे दोघं म्हणतायत आम्हाला दुसऱ्या खात्यात टाका. साहेबांचं म्हणणं, सगळ्यांचे कंपल्सरी एक्सरे काढू, एका लॅबने ब्लड टेस्टचं पॅकेज पण दिलंय, आणि ज्याचं खराब निघेल त्याला हिशोब देऊन मोकळं करू, बाकीच्यांची तरी काळजी मिटेल. मला हे बरोबर वाटत नाहीये पण त्यांना काय सांगू ते कळत नाही. तपासणी करावी का? केली तर कशी? आणि तो माणूस परत आला की त्याला कुठे बसवू?

*

तपासणी करायचीच, त्यात दोन मतं नकोत. पण साहेबांनी जो क्रम लावलाय ना, आधी एक्सरे आणि मग खराब निघेल त्याला हिशोब, त्या क्रमाने गेलात तर तुमच्या कारखान्यात टीबी सापडायच्या ऐवजी लपेल. आणि पसरतो तो हा लपलेलाच, ज्याची औषधं चालू झाली त्याच्याकडून आता फारसं भय नसतं.

हे मी वाचून सांगत नाहीये. मी बरीच वर्षं एका प्लांटच्या ओएचसीत, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्यात, नर्स होते. तिथे एक फिटर होता, चाळिशीचा, शांत माणूस, कायम रात्रपाळी मागून घ्यायचा, आम्हाला वाटायचं दिवसा दुसरं काही काम करत असेल. नंतर कळलं की खोकल्याची उबळ आली की तो कॉम्प्रेसर रूमच्या मागे जाऊन खोकायचा, कारण तिथे आवाज एवढा की शेजारी उभं राहिलं तरी ऐकू येत नाही आणि रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. लॉकरमध्ये खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या निघाल्या, सगळ्यांची लेबलं काढलेली. पाच महिने हे चाललं होतं. ओएचसीत आला तो रुमालावर रक्त दिसल्यावर, आणि आल्या आल्या काय बोलला तर ‘सिस्टर, रजिस्टरमध्ये लिहू नका.’ त्याच्यासोबत एका खोलीत राहणाऱ्या मुलालाही टीबी निघाला, तो एकवीस वर्षांचा होता.

आता हा माणूस अडाणी नव्हता, बेजबाबदार तर अजिबात नव्हता. झालं असं होतं की वर्षभर आधी त्याच खात्यातल्या एकाला टीबी निघाला, त्याला ‘तब्येत सांभाळ’ म्हणून घरी पाठवलं ते पाठवलंच, त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिलेला सगळ्यांनी बघितला. कंपनीने कुठे नोटीस लावली नव्हती की टीबी झाला तर काढू, पण लोकांना जे समजायचं ते समजलं. आणि मीसुद्धा तेव्हा गप्प बसले, त्याबद्दल आजही मला वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला एवढं कळकळीने लिहितेय.

तर एक्सरेच्या आधी एक कागद काढा. मालकांच्या किंवा प्लांट हेडच्या सहीचा, एचआरच्या नको, कारण काढायची पॉवर कोणाकडे आहे हे कामगारांना बरोबर माहीत असतं. त्यात सरळ भाषेत लिहा की टीबी निघाला म्हणून कोणाचीही नोकरी जाणार नाही, उपचारासाठी लागेल तेवढी रजा पगारी मिळेल, बरा होऊन आलेला माणूस त्याच पगारावर परत येईल, तपासणीचा रिपोर्ट डॉक्टर आणि तो कामगार यांच्यातच राहील, एचआरला फक्त ‘कामावर येऊ शकतो’ किंवा ‘सध्या रजा द्या’ एवढंच कळेल, आणि हे सगळं ठेकेदाराच्या माणसांनाही लागू आहे. हे शेवटचं वाक्य साहेब खोडायला सांगतील. खोडू देऊ नका. तुमची निम्मी माणसं ठेकेदाराची आहेत, ती त्याच शेडमध्ये तोच श्वास घेतात, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात धुळीचं काम त्यांच्याच वाट्याला येतं. त्यांना वगळून केलेली तपासणी म्हणजे अर्ध्या घराला कुलूप लावण्यासारखं आहे. ठेकेदाराशी करारातच लिहून घ्या की तपासणीत निघालेल्या माणसाला तो बदलणार नाही, आणि रजेच्या काळातला त्याचा पगार कोण देणार तेही त्यातच ठरवा, नाहीतर ‘रजा’ म्हणजे त्याच्यासाठी बिनपगारी घरी बसणंच. कागद बोर्डावर लावून भागत नाही, पाळी बदलताना तिन्ही पाळ्यांना वाचून दाखवा, ज्या भाषा तुमच्याकडे बोलल्या जातात त्या सगळ्यांत.

कंपल्सरी करायचं का, हा प्रश्न यानंतर बराच सोपा होतो. मी कंपल्सरी करणार नाही. हमी खरी आहे असं वाटलं तर लोक स्वतःहून रांगेत उभे राहतात, आणि खरी वाटली नाही तर कंपल्सरी केलेल्या दिवशी नेमके खोकणारेच गैरहजर असतात.

आता प्रत्यक्ष तपासणी. बऱ्याच कंपन्या काय करतात, एक फॉर्म वाटतात, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, रात्री घाम येतो का, वजन उतरलंय का, चारही ठिकाणी ‘नाही’ आलं की माणूस ठीक. हे प्रश्न विचारायलाच हवेत पण तेवढ्यावर थांबू नका. वेगवेगळ्या देशांत लोकसंख्येत जाऊन जी टीबीची सर्वेक्षणं झाली त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना विचारल्यावर काही लक्षणच सांगता आलं नव्हतं. म्हणजे नुसत्या फॉर्मवर गेलात तर प्रामाणिक उत्तर देणारा माणूससुद्धा सुटून जातो. म्हणून छातीचा एक्सरे सगळ्यांचा, लक्षण असो नसो.

पण एक्सरे हा निकाल नाही हो, हे साहेबांना नीट समजावून सांगा. एक्सरेत डाग दिसला म्हणजे फक्त पुढे तपासायला हवं. जुना बरा झालेला टीबीसुद्धा डाग ठेवून जातो, न्यूमोनियाचा डाग असतो, आणि तुमच्याकडे तर सिलिकाची, म्हणजे माती-दगडातल्या बारीक खनिजाची, धूळ आहे, तिने फुफ्फुसात ज्या गाठी होतात त्या एक्सरेत टीबीसारख्याच दिसू शकतात. ‘खराब निघेल त्याला हिशोब’ असं म्हणताना साहेब ज्याला काढतील त्याला टीबी नसेलही, पण कंपनीच्या धुळीनेच फुफ्फुस खराब झालेलं असेल, आणि मग प्रश्न उलटा कंपनीलाच विचारला जाईल.

डाग असो वा लक्षण, पुढची पायरी बेडक्याची तपासणी, आणि शक्यतो जीन एक्सपर्टसारखी मॉलिक्युलर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी. त्याला दोन तासांच्या आत उत्तर मिळतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडणार की नाही तेही त्यातच कळतं. बेडका म्हणजे खोल छातीतून खोकून काढलेला, तोंडातली थुंकी नाही, निम्मे नमुने या एवढ्याशा गोष्टीपायी वाया जातात असं माझं तरी निरीक्षण आहे. कोणीतरी दाखवावं लागतं, दोन-तीनदा खोल श्वास घे, रोखून धर, मग खोक. आणि हे उघड्यावर, मोकळ्या हवेत करायचं, बाथरूममध्ये किंवा ओएचसीच्या बंद खोलीत कधीच नाही, बाकीच्यांपासून लांब.

लॅबच्या ब्लड टेस्ट पॅकेजला नाही म्हणा. त्यात जर टीबीच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीर रक्तात जे तयार करतं ते, बघणारी टेस्ट असेल तर २०११ सालीच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय की टीबीच्या निदानासाठी ती वापरू नका, चुकीची उत्तरं देते, रोग नसलेल्याला आहे म्हणते आणि असलेल्याला नाही. दुसरी एक रक्ताची टेस्ट असते, इग्रा, आणि हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी फुगा मोजतात ती मांटू. त्या चांगल्या आहेत पण त्यांचं काम वेगळं. शरीरात टीबीचा जंतू कधी शिरलाय का एवढंच त्या सांगतात, आत्ता रोग आहे का हे सांगत नाहीत. आणि जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांमध्ये तो जंतू कधी ना कधी शिरलेला असतो, त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या सगळ्यांना काढायचं ठरवलं तर साहेब, तुम्ही, मी, कोण कोण बाहेर जाईल ते देवालाच ठाऊक.

सिलिकाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमच्या पत्रात धुळीचा एक शब्दही नाही आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की जंतू गिळणाऱ्या ज्या पेशी असतात त्याच निकामी व्हायला लागतात, आणि टीबीच्या जंतूला अडवायचं काम त्यांचंच असतं. म्हणून सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, झालेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त, आणि काम सोडून वर्षं झाली तरी तो धोका जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की सिलिकात काम करणाऱ्या आणि पूर्वी केलेल्या, दोघांचीही टीबीसाठी नियमित तपासणी व्हावी. म्हणजे रिटायर झालेल्यांनासुद्धा निरोप पाठवा.

आणि नुसत्या गोळ्या वाटून हे सुटत नाही हे दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींनी दाखवून दिलंय. तिथे खाण कामगारांचे १५ गट करून त्यातल्या आठ गटांत हजारो कामगारांना एकदम, टीबी होऊ नये म्हणून नऊ महिने आयसोनायझिड हे टीबीचं औषध देऊन बघितलं. २०१४ साली निकाल आला. गोळ्या चालू होत्या तोवर फरक दिसला, थांबल्यावर तो टिकला नाही, एकूण टीबी कमी झालाच नाही. बाकी कारणंही असतील, पण धूळ तीच, राहायच्या गर्दीच्या खोल्या त्याच, मग दुसरं काय होणार? याच्या उलट व्हिएतनामच्या का माऊ भागात तीन वर्षं दरवर्षी घरोघरी जाऊन, लक्षण असो नसो, मोठ्या माणसांचा बेडका तपासला, सापडलेल्यांना उपचार दिले, आणि तपासणी न झालेल्या भागाशी तुलना केली तर चौथ्या वर्षी टीबी ४४ टक्के कमी निघाला. हा अभ्यास २०१९ चा. मला यातून एवढं दिसतं की शोधत राहायला लागतं, दरवर्षी, एकदा कॅम्प घेऊन बॅनर लावून झालं असं चालत नाही.

म्हणून साहेबांकडे एक्सरेचं बजेट मागायला जाल तेव्हा धुळीचंही मागा. कोरडा झाडू बंद करा, ओलं पुसा किंवा व्हॅक्यूम लावा. जिथे कोरडं घासणं-पॉलिश चालतं तिथे पाणी आणता येतं का बघा, नाहीतर धूळ निघते तिथेच ओढून घेणारा एक्झॉस्ट, शेडच्या दुसऱ्या टोकाला असलेला पंखा नव्हे. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ उडवायची सवय सगळीकडे असते, पाळी संपली की पोरं एकमेकांवर पाइप धरतात, ती आधी थांबवा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही, त्याला चेहऱ्यावर नीट बसणारा रेस्पिरेटर, म्हणजे धूळ गाळणारा मास्कच लागतो. हे सगळं केलं तर टीबी आणि सिलिकोसिस दोन्ही कमी होतील. माझं ऐकाल तर तुमच्या प्लांटमध्ये याचा उपयोग कुठल्याही कॅम्पपेक्षा जास्त होईल.

हवेचंही तसंच. टीबीचा जंतू बंद खोलीत तासन्‌तास हवेत तरंगत राहतो. मोठ्या उंच शेडपेक्षा मला भीती वाटते ती चेंजिंग रूमची, खिडक्या बंद करून एसी लावलेल्या कंट्रोल रूमची, कामगारांना आणणाऱ्या बंद काचांच्या गाडीची. खोलीतली तीच हवा गार करून परत सोडणारा एसी जंतू बाहेर काढत नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, गाडीच्या काचा खाली करा. ह्याला फारसा खर्चही नाही.

आता तुमचा माणूस. तो परत कधी येऊ शकतो हे त्याचे डॉक्टर सांगतील, पण साध्या म्हणजे औषधाला दाद देणाऱ्या टीबीत योग्य औषधं सुरू झाली की संसर्ग पसरवायची ताकद झपाट्याने कमी होते, बहुतेकांना साधारण दोन आठवड्यांनी तब्येत बघून परवानगी मिळते. उपचार सहसा सहा महिन्यांचे, तेवढे महिने घरी बसायची गरज नसते. त्याला कुठे बसवू म्हणता, तर वेगळं कुठेच बसवायचं नाही. फक्त एक, तो मोल्डिंगला होता, त्याला परत धुळीत घालायचं का हे डॉक्टरांना विचारा, आणि एक्सरेत सिलिकोसिस दिसत असेल तर कमी धुळीची जागा द्या, पगार न कापता. सुरुवातीला जड काम झेपणार नाही, भूकही धड नसते, अंगात त्राण नसतं. सुपरवायझरला सांगून ठेवा.

आणि तो ग्लास. टीबी ग्लासातून होत नाही, ताटातून होत नाही, हात मिळवून होत नाही, लॉकरच्या हँडलवरून तर नाहीच नाही. तो खोकल्यातून, बोलण्यातून हवेत जातो आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातो, बास. हे एका मीटिंगमध्ये डॉक्टरकडून सांगून घ्या, पण त्याचं नाव न घेता. नाव सगळ्यांना माहीत असलं तरी कंपनीच्या तोंडून ते येता कामा नये. जे दोघं खातं बदलून मागतायत त्यांना ओरडू नका, ते घाबरलेत आणि त्यांची भीती पूर्णपणे बिनबुडाचीही नाही, आजार कळायच्या आधीचे महिने ते त्याच्या शेजारी होते. त्यांची तपासणी सगळ्यात आधी करा, मोठ्या कॅम्पची वाट न बघता, याच आठवड्यात. त्याच्यासोबत तासन्‌तास एकाच बंद हवेत असलेले सगळे, एकाच गाडीतून येणारे, एका खोलीत राहणारे. त्याच्या घरच्यांची, लहान मुलांची तपासणी सरकारी टीबी कार्यक्रमातून होईल, झाली का तेवढं विचारा. या लोकांना सध्या रोग नाही हे नक्की झाल्यावर डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या सुचवू शकतात. आयसोनायझिड आणि रिफापेंटिनचा आठवड्यातून एकदा असा बारा आठवड्यांचा कोर्स असतो, म्हणजे बाराच डोस. पण क्रम महत्त्वाचा, आधी रोग नाही याची खात्री. रोग असलेल्याला अर्धवट औषध गेलं तर जंतू त्या औषधाला सरावतो.

गोळ्यांबद्दल ओएचसीतल्या सिस्टरना सांगून ठेवा, कामगार आधी त्यांच्याकडेच येतात. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, पहिल्यांदा बघून माणूस घाबरतो आणि गोळ्या टाकून देतो, कोणी आधी सांगितलेलं नसतं. त्याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे स्त्री कामगारांना कोणीच सांगत नाही. डोळे पिवळे झाले, उलट्या होतायत, हातापायाला मुंग्या येतायत तर लगेच डॉक्टर. आणि साधारण दोन महिन्यांनी माणसाला एकदम बरं वाटायला लागतं, वजन वाढतं, खोकला जातो, नेमकं तेव्हा औषध सुटतं. त्या महिन्यात त्याची आठवणीने चौकशी करा. सुपरवायझरसमोर गोळी गिळायला लावू नका, ते अपमानाचं होतं. फॉलोअपच्या दिवशी अर्धी रजा कापू नका, एवढं केलंत तरी खूप.

साहेबांना पटवायचं तर त्यांना फक्त एवढं विचारा की उद्या एखाद्या माणसाला खोकल्यात रक्त दिसलं तर तो ओएचसीत यावा असं तुम्हाला वाटतं की कॉम्प्रेसर रूमच्या मागे जावा? आणि कागदावर सही झाली, एक्सरेची गाडी गेटमध्ये आली, की रांगेत पहिले साहेब, मग तुम्ही, मग सगळे सुपरवायझर.

त्याआधी तुमच्या त्या कामगाराला एक फोन करा. नवीन ग्लास आणून ठेवलाय म्हणून सांगा.